चौथ्या कप्प्यातला पुठ्ठा

प्रिय वहिनी,

नमस्कार, आणि नणंदेने वहिनीला जो काही मान द्यायचा असतो तो सगळा एकदम. (वेळच्या वेळी द्यायचा राहून गेला, हे मला माहीत आहे.) तुमचा खांदा कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात की हात वर जात नाही, वरच्या फळीवरचं काही हवं असलं की दादाला हाक मारावी लागते आणि तो दर वेळी शेजारचाच डबा काढून देतो. त्याला रागावू नका. तो लहानपणापासून तसाच आहे. मागितलेली वस्तू सोडून तिच्या शेजारची त्याला आधी दिसते. छोटीच्या दातांची तार निघाली का? निघाली असेल तर तिला म्हणावं, आता मोकळेपणी हस, थोडं आत्याच्या वाट्याचंही हस. दादाची तब्येत मी विचारत नाही. तुम्ही आपणहून लिहिलंत तर वाचीन. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे त्या शब्दात जेवढं मावतं तेवढं.

फोन का केला नाही, असं तुमच्या मनात येईल. दोनदा लावला होता. पहिल्यांदा दादाने उचलला, म्हणून मी ठेवला. (तो "हॅलो, बोला, कोण बोलतंय" म्हणाला. आवाज बारीक झालाय त्याचा, किंवा माझा कान म्हातारा झालाय.) दुसऱ्यांदा तुम्ही उचलाल असं वाटलं आणि मला आधीच रडू यायला लागलं, म्हणून रिंग वाजायच्या आत बंद केला. पत्रात बरं असतं. रडू आलं तर पेन खाली ठेवता येतं आणि पलीकडच्या माणसाला पत्ता लागत नाही. शिवाय विषय तांत्रिक आहे, आणि तांत्रिक विषय मी फोनवर सांगायला लागले की मलाच तो समजेनासा होतो.

तुम्हाला बाबांचा डबा आठवत असेल. बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या वरच्या फळीवर, काळा, सतत घुं घुं करणारा. तो घरात आला तेव्हा तुम्ही विचारलं होतंत की यात काय गार करायचं, आणि बाबा तुमच्यावर दोन दिवस रुसले होते. घरातले सगळे फोटो, सगळे कागद, बाबांनी आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुरुस्त केलेल्या यंत्रांच्या नोंदी, सगळं त्यात. लोक हल्ली हे सगळं इंटरनेटवर कुठेतरी ठेवतात. बाबांचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरात आपली ट्रंक कशाला ठेवायची. डब्यात चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क. गोष्ट अशी आहे की कुठलीही वस्तू एका डिस्कवर अख्खी नसते. तिचे तुकडे चारींवर वाटलेले असतात, आणि वाटताना अशी सोय केलेली असते की चारांतली कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात. दोन गेल्या तर मात्र संपलं. मग उरलेल्या दोघींकडे जे असतं तो नुसता भुसा. हे बाबांनी मला किमान दहा वेळा समजावलं आहे आणि मी दहाही वेळा "हो हो" म्हणाले आहे. (मी ग्रंथपाल आहे. शाळेतली का होईना. क्रम, मांडणी, कुठली वस्तू कुठे, हा माझा पोटापाण्याचा विषय, हे पुढचं वाचताना कृपया विसरा.)

चारही कप्प्यांवर बाबांनी चिकटपट्टी लावून निळ्या पेनाने नावं लिहिली होती. नावं म्हणजे काय, "मी", "ती", "ही" आणि "तो". दुसरा कोणी असता तर एक, दोन, तीन, चार लिहिलं असतं. पण बाबांनी आजवर घरात कुणाला नावाने हाक मारलेली मला आठवत नाही, तर डिस्कला काय मारणार. "मी" म्हणजे ते स्वतः, "ती" म्हणजे मी, "ही" म्हणजे आई, आणि "तो" कोण ते तुमच्याच घरी, बहुधा शेजारचा डबा काढत, उभा आहे.

आता या डब्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. आईने आजारपणाच्या शेवटच्या पावसाळ्यात एकशे बारा सूचना रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, हे तुम्हाला माहीत आहे, पण त्यांतली एकही तुम्ही ऐकलेली नाहीत असं आता मला कळतंय. तीस वर्षं रुग्णालयाच्या टेलिफोनवर ड्युटी केलेली बाई. तिचा आवाज कसा होता ते काय सांगू. प्रत्येक सूचना "अहो, ऐकताय ना" अशी सुरू होते आणि "बरं, ठेवते" अशी संपते. सतरा नंबर गॅसच्या नळीबद्दल आहे: वर्षातून एकदा बदलायची, तुम्ही म्हणाल चांगली दिसते, चांगली दिसते तेव्हाच बदलायची असते. एकोणतीस नंबर समोरच्या बाईंबद्दल: चाकू मागायला आल्या तर द्यायचा नाही, आधीचे दोन अजून परत आलेले नाहीत. बावन्न नंबर माझ्याबद्दल: लेकीला सारखं कशी आहेस म्हणून विचारू नका, ती ठीक आहे म्हणेल आणि तुम्ही विश्वास ठेवाल. बाबा रोज दुपारी चार वाजता डब्यासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि एक, फक्त एक, सूचना ऐकायचे. एकशे बारा संपल्या की पुन्हा पहिली. दोन वर्षांत त्यांच्या सहा फेऱ्या झाल्या, सातवी चालू होती. समोरच्या बाईंचे चाकू अजून परत आलेले नाहीत.

मागच्याच्या मागच्या रविवारी मी फळी पुसायला काढली. (कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. रविवारी मला हातात फडकं नसलं की विचार येतात.) डबा बंद केला, वायर काढली, आणि एवढं केलंच आहे तर कप्पेही पुसू म्हणून स्टुलावर चढले. बाबा आत झोपले होते. "मी" काढला, पुसला, फळीवर ठेवला. "ती" काढला, पुसला, ठेवला. "ही" काढला आणि तो डाव्या हातात धरून उजव्या हाताने चौथा, "तो", ओढला. डिस्क जड असते, वहिनी. तीन कप्पे ओढून हाताला त्या वजनाची सवय झाली होती, म्हणून चौथाही मी तेवढ्याच जोराने ओढला, आणि तो कागदासारखा हलका बाहेर आला. आत डिस्क नव्हती. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, मापाने कापलेला, चार कोपरे कात्रीने गोल केलेले, कप्पा खडखडू नये म्हणून बसवलेला. हे सगळं मी नंतर पाहिलं. त्या क्षणी एवढंच झालं की माझा तोल गेला, उजव्या हाताने मी फळी धरली, आणि डाव्या हातात जे होतं ते स्टुलाच्या उंचीवरून फरशीवर पडलं.

"ही" पडली. मी आईला पाडलं, असं लिहिणार होते. पण डिस्कला डिस्कच म्हणावं.

मग मी जे केलं ते कुणीही करेल तेच केलं. पडलेली डिस्क उचलली, फडक्याने पुसली (पुसून काय होणार होतं कुणास ठाऊक), कान लावला, हलवली नाही, देवाशपथ हलवली नाही, आणि चारही कप्पे परत आत सारले. त्यातही माझ्यातल्या ग्रंथपालाने घोळ केलाच. कुठला कुठे होता हे आठवेना, म्हणून मी वयाप्रमाणे लावले: "मी", "ही", "तो", "ती". मनात म्हटलं, यापेक्षा शिस्तशीर मांडणी असूच शकत नाही. डबा चालू केला. तो घुं करायच्या ऐवजी टिक टिक करायला लागला, घड्याळ गिळल्यासारखा. लॅपटॉपवर डब्याचं पान उघडलं तर तिथे लिहून आलं की एकही मांडणी सापडत नाही, नवीन करायची का. खाली निळ्या रंगात भलंमोठं "हो", आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात, आधीचं सगळं पुसलं जाईल. बोट "हो"वर गेलं होतं. चष्मा घातलेला होता म्हणून मुंगी दिसली. वर कोपऱ्यात तारीखही चुकीची होती, तेवीस वर्षांपूर्वीची. म्हणजे डब्याच्या मते आई अजून टेलिफोनवर ड्युटीला होती, दादा कॉलेजात होता आणि तुम्हाला आमच्यापैकी कुणीही ठाऊक नव्हतं. मी थोडा वेळ त्या तारखेकडे बघत बसले. वाईट दिवस नव्हता तो.

चार वाजता बाबा उठले, खुर्ची ओढली, बसले. मी सांगितलं की पुसताना बंद केला होता, आता चालू होत नाहीये. पडल्याचं सांगितलं नाही. पुठ्ठ्याचं विचारलं नाही. त्यांनीही पुठ्ठ्याचं काढलं नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. तुम्ही बारा वर्षं बघितलं आहे. ते "बरं" म्हणाले आणि वीस मिनिटं बंद डब्यासमोर बसून उठले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला तर सगळ्या पाठ आहेत. ते म्हणाले, "पाठ आहेत ते माझ्या आवाजात." जेवण निम्म्यावर आलंय. गोळ्या घेतात, पण पांढरी आधी की पिवळी आधी असं मला विचारतात, आणि मला माहीत आहे की ते तेवीस नंबरमध्ये आहे आणि त्यांनाही माहीत आहे. यंत्रांमध्ये आयुष्य गेलेला माणूस स्वतः डबा उघडून बसला असता, पण आता हात इतके थरथरतात की स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसत नाही. त्यांनी एकदा प्रयत्न केला. मी स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासत राहिले, म्हणजे मी बघत नाहीये हे त्यांना ऐकू यावं.

आठव्या दिवशी मी डिस्कवाल्याला आणलं. (आमच्या ग्रंथालयाचा कॉम्प्युटर गेला होता तेव्हा त्यानेच काढून दिला होता. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानाशेजारी त्याची टपरीवजा खोली आहे, भिंतीवर मेलेल्या डिस्कची घड्याळं करून लावली आहेत. चेहरा असा, की समोरच्याला आधी धीर आणि मग बातमी द्यायची सवय झालेली.) एरवी तो कुणाच्या घरी जात नाही, पण डबा घराबाहेर जाणार नाही असं बाबांनी सांगितलं. त्याने टिकटिक ऐकली, डोळे मिटले आणि विचारलं, "कॉपी आहे?"

बाबा म्हणाले, "चार आहेत की."

"चार म्हणजे कॉपी नव्हे काका. चार म्हणजे चार पायांची खुर्ची. कॉपी म्हणजे दुसरी खुर्ची."

बाबांना हे वाक्य लागलं. प्रयोगशाळेतला माणूस, त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते म्हणाले, तिच्या आवाजाची कॉपी काढणं मला बरं वाटलं नाही. डिस्कवाल्याने डबा उघडला. आत घड्याळात असतो तसला बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसताना डब्याने कोण कुठे बसतं हे लक्षात ठेवायचं ते त्याच्या जिवावर. नऊ वर्षांत डबा कधी बंदच केला नव्हता, त्यामुळे सेल कधी मेला ते कुणाला कळलं नाही, आणि मी वायर काढली तेव्हा डबा सगळं विसरला. म्हणजे माझं पहिलं पाप तेवढं मोठं नव्हतं. (दुसऱ्याबद्दल मी अजून गप्पच होते.) मग त्याने विचारलं, "क्रम काय होता? डावीकडून सांगा."

बाबा म्हणाले, "जेवायला बसतो तसा."

हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो. डिस्कवाला म्हणाला, दाखवा, आणि सहज खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला गेला. बाबा म्हणाले, "तिथे नको, तो बसतो." तो उठला आणि दाराकडच्या खुर्चीकडे वळला. बाबा म्हणाले, "तिथे तर नकोच." शेवटी तो बिचारा फ्रीजला टेकून उभा राहिला आणि वहीत चौकोन काढून लिहीत गेला. बाबा त्यांच्या जागेवर बसले. त्यांच्या डावीकडे मी बसले. समोर आईची खुर्ची, उजवीकडे दादाची. मी, ती, ही, तो. मी वय लावत बसले होते आणि त्यांनी ताटं लावली होती. त्या टेबलाशी आम्ही दोघंच जेवतो, वहिनी, दादा येईनासा झाला त्याला चौदा महिने झाले, पण दोन्ही खुर्च्या मी रोज पुसते. हे मला त्या दिवशी एका परक्या माणसाने फ्रीजला टेकलेलं पाहून लक्षात आलं.

मग डिस्कवाला कप्पे काढायला लागला. "तो" ओढला, हलका लागला, पुठ्ठा बाहेर काढला, उलटा सुलटा करून बघितला. असं काही त्याने आजवर बघितलं नसावं. आता पुढचं मी जसं ऐकलं तसं लिहिते, कारण ते मला सांगितलेलं नव्हतं, त्याला सांगितलेलं होतं, आणि मी दारात चहाचे कप धरून उभी होते.

"चौथी कुठे आहे?"

"मुलाकडे."

"मुलाकडे कशी?"

"मी दिली."

"बंद करून काढली होती ना?"

"नाही."

"चालू डब्यातून ओढून काढलीत? काका, असं कुणी करतं का?"

"भांडताना मशीन बंद करायचं कुणाला सुचतं?"

मला इतके दिवस वाटत होतं की ते भांडण बाबांनी तुमच्याकडे राहायला यावं यावरून झालं. मी तेव्हा गच्चीवर कपडे काढत होते, मला फक्त दार आपटल्याचं ऐकू आलं. आता कळलं ते असं. दादा म्हणाला, यायचं नसेल तर नका येऊ, पण आईचं मलाही द्या, तुम्ही एकट्यानेच तिला डब्यात घालून ठेवलंय. बाबांना ते "डब्यात घालून" सहन झालं नाही. त्यांनी उठून चौथा कप्पा ओढला, डिस्क काढली, दादाच्या बॅगेत घातली आणि म्हणाले, "घे तुझा चौथा हिस्सा. घरी जाऊन ऐक." एका डिस्कवर काहीच ऐकू येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. दादाला माहीत नव्हतं. डबा पुढे तीन डिस्कांवर चालत राहिला, समोरचा पिवळा दिवा लागला, बाबांनी त्याच्यावर काळी पट्टी चिकटवली. मला वाटलं, डोळ्यांना त्रास होत असेल.

डिस्कवाल्याने विचारलं, मुद्दाम फसवलंत का. मला कप खाली ठेवावेसे वाटले, पण ठेवायला जागा नव्हती. बाबा म्हणाले, "मला वाटलं, संध्याकाळी पोचला की फोन करेल, काही ऐकू येत नाही म्हणून. मग मी सांगणार होतो, घेऊन ये, एकत्र लावल्याशिवाय ऐकू येत नाही." डिस्कवाला म्हणाला, मग? बाबा म्हणाले, "फोन आला नाही."

चौदा महिने, वहिनी. हा माणूस फोनची वाट बघत होता आणि तो माणूस, मी दादाला ओळखते त्यावरून सांगते, तिकडे कोरी डिस्क देऊन बापाने आपली थट्टा केली असं धरून बसला होता. दोघांनाही यंत्रातलं कळतं. दोघंही इंजिनिअरच्या वरताण. एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही.

डिस्कवाल्याचं निदान असं: टिकटिक करणारी "ही" तो उघडणार नाही, ती दूरच्या मोठ्या ठिकाणी पाठवावी लागेल आणि तिथेही खात्री नाही. उरल्या "मी" आणि "ती", म्हणजे बाबा आणि मी, आणि आम्हा दोघांवर काहीही चालत नाही. (हे त्याने डिस्कबद्दल सांगितलं.) पण दादाकडची डिस्क जशीच्या तशी असेल तर तीन होतात. चौदा महिन्यांपूर्वीचं, त्यानंतर ज्याला हात लागलेला नाही असं सगळं निघेल. भांडणानंतर जे साठवलं ते निघेलच असं नाही. मी विचार केला, नंतरचं काय आहे त्यात. दोन विजेची बिलं आणि मी काढलेला खिडकीतल्या कबुतराचा फोटो. म्हटलं, चालेल.

लिहिता लिहिता फार झालं. तुमचा खांदा दुखत असताना एवढी पानं धरायला लावली. खांद्याला शेक देत जा, आणि वरच्या फळीवरचे डबे सरळ खालच्या फळीवर आणा. माणूस बदलण्यापेक्षा ते सोपं आहे. छोटीला पापा. आमची काळजी करू नका.

तुमची,
नणंद

ता. क. तर ती डिस्क. राखाडी आहे, तळहातापेक्षा थोडी मोठी, तिच्या कडेलाही बाबांनी पट्टी लावून "तो" लिहिलं आहे. दादाच्या टेबलाच्या खालच्या खणात बघा; राग आलेल्या वस्तू तो लहानपणी तिथेच ठेवायचा. सापडली तर कृपा करून कॉम्प्युटरला जोडू नका. जोडली की कॉम्प्युटर म्हणतो, ही डिस्क वाचता येत नाही, नीट करून वापरायची का. तिथे "हो" म्हणायचं नाही. डिस्कवाला येऊन गेल्यापासून माझ्या मनात एवढाच एक प्रश्न आहे: दादाने ती त्या संध्याकाळी जोडली असेल, तर "हो" म्हणाला की "नाही".

ता. क. २. "हो" म्हणाला असेल तर तसं फोनवर कळवू नका, पत्रातही लिहू नका. तरीही ती घेऊन या. पुसलेली असली तरी आणा. तो पुठ्ठा तिथे मला बघवत नाही. आणि "ही" माझ्या हातून पडली हे दादाला सांगितलंत तरी चालेल. त्याला हसू किंवा राग, काहीतरी येईल. बाबांना मात्र नको.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आधी बाबा म्हणाले, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं, डिस्क पडल्याचं सगळं गाळून, आणि मला वाटलं फार सफाईने गाळलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "आणि पाडलीस ते लिहिलंस का?" ते झोपलेले नव्हते. डिस्क पडल्याचा आवाज वेगळा असतो, म्हणे. मला वाईट वाटू नये म्हणून नऊ दिवस बोलले नाहीत, आणि मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून. आता ते मला म्हणाले, असल्या डिस्का पडतातच. पडत नाहीत, वहिनी. मी डिस्कवाल्याला विचारलं.

त्यांचा निरोप असा आहे: डिस्क कुरिअरने पाठवू नये, हाताने आणावी, धक्के लागतात. (डिस्कवाला म्हणतो, स्पंजात गुंडाळली तर कुरिअरने खुशाल येते. हे तो बाबांच्या समोरच म्हणाला होता, दोनदा.) आणि दादाला सांगावं की चौसष्ट नंबर "थोरला आला तर" असा आहे. आई त्यात म्हणते, तो आला की त्याला आधी बसू द्या, पाणी द्या, पहिला अर्धा तास तुम्ही काही बोलू नका, मग तोच बोलेल. बाबा म्हणतात, त्या दिवशी माझी फेरी त्रेसष्टवर होती. तो आला तर या वेळी ते अर्धा तास बोलणार नाहीत, असं त्यांनी मला दोन वेळा लिहायला सांगितलं आहे.

अर्धा तास त्यांना जमणार नाही. दहा मिनिटं धरून या.